आधी फक्त अंगठा

९ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तुझी गिटार मी वाजवते आहे. आधी हे सांगून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र रागावून वाचायचं की हसत, ते तुझं तुला ठरवता येईल.

तू जाताना नवी गिटार नेलीस आणि ही जुनी, पोट सुटलेली, मागच्या खोलीत कपाटाआड राहिली. विसरलीस की ठेवून गेलीस, ते मी विचारत नाही. दिवाळखोराच्या घरातल्या सामानासारखी दोन वर्षं ती चादरीखाली उभी होती. पावसाळ्याआधी मी जिन्यात पडले आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं काही वळेनात. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा. मग मी चादर काढली.

दोन तारा तुटलेल्या, बाकीच्या गंजलेल्या. वाद्यदुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्याने नव्या तारा चढवल्या, सुरात लावून दिली आणि विचारलं, "नातीसाठी का?" मी म्हटलं, "हो." आता मला नात नाही हे तुला माहीत आहे, पण त्याच्यासमोर माझी जीभच उचलेना.

अडचण अशी आहे. तू रोज दुपारी जेवणानंतर एक चाल वाजवायचीस, नदीवरच्या नावाड्यांकडून शिकून आलेली. मी पलीकडच्या खोलीत भांडी आवरताना ऐकायचे. ती मला तोंडपाठ आहे. एका बोटाने बारीक तारांवर मी ती शोधूनही काढली. पण तुझ्या वाजवण्यात खाली एक जाड सूर सारखा चालू असायचा, वल्हं मारल्यासारखा. पहिले काही महिने मला वाटायचं, तुझ्यासोबत आणखी कोणीतरी बसलंय. तो सूर या गिटारमध्ये मला कुठेच सापडत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, गिटार बरोबर लागली आहे. मग चूक कुठे आहे?

फोन केला असता, पण फोनवर आपल्याला कधी जमलंच नाही. तू "हो आई" म्हणायचीस, मी "बरं बाळ" म्हणायचे आणि दोघी ठेवून द्यायचो. तुमचं दोघांचं मोडलंय, म्हणून मुलाला यातलं काही सांगितलेलं नाही. ह्यांना माहीत आहे, कारण घर तीन खोल्यांचं आहे आणि ह्यांचे कान शाबूत आहेत.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

आई


२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं कार्ड आलं. इतकं लहान पत्र मी आयुष्यात इतक्या वेळा वाचलेलं नाही. "आई, त्या गिटारला नेहमीचा सूर मानवत नाही. सगळ्यात जाड तार आणि दोन बारीक, अशा तीन तारा एकेक सूर उतरवा. जाड तारेपासून सा प सा म प सा ऐकू यायला हवं. डाव्या हाताला सध्या सुट्टी. आधी फक्त अंगठा."

माझ्या मनगटाची तू आठवण ठेवलीस, हे माझ्या लक्षात आलं. तेव्हा खरं सांगते. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. गिटारचं नाव त्यांनी काढलं नव्हतं.

सकाळी बसून तीन तारा उतरवल्या. तासभर गेला. खुंटी जरा फिरवली की सूर घसरायचा, परत चढवायची, परत ऐकायचं. शेवटी सहाही तारांवरून नुसता अंगठा फिरवला. डाव्या हाताने कुठेही दाबलं नव्हतं, तरी सगळी खोली भरून आली. ते वाद्य माझ्या पोटाशी गुरगुरलं. तेवढ्यात हे न्हाणीघरातून धावत बाहेर आले. अर्ध्या गालावर साबण, हातात वस्तरा. म्हणाले, "भिंगरी आली का?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गिटारकडे पाहिलं. "असं होय, तू आहेस," म्हणाले आणि परत आरशाकडे गेले.

तू गेल्यापासून ह्यांनी तुझा विषय काढलेला नव्हता. मला वाटायचं, पुरुषांचं बरं असतं, विसरतात.

तर आता अंगठा. टायपिंगच्या खुर्चीत माझी सगळी नोकरी गेली. आठ बोटं कामाला आणि अंगठ्याचं काम एकच, दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायची. जन्मभर मोकळी जागा सोडणाऱ्याला एकदम पुढारी केलंस तू! जाड तार, मधली तार, परत जाड, परत मधली. तो चालतो, पण तर्जनीने जरा कुठे तोंड उघडलं की हा थांबून तिचं ऐकत बसतो. सरकारी कारकून बरा.

यावर ह्यांनी स्वतःहून उपाय काढला. कवायतीचे मास्तर होते हे तुला सांगायला नको. परवा खुर्ची ओढून समोर बसले आणि शाळेच्या मैदानावरच्या आवाजात सुरू केलं, "एक! दोन! तीन! चार!" खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या की घरात सगळं ठीक आहे ना.

पुढचं काय करू?

आई


१९ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझ्या तिन्ही सूचना मी स्वयंपाकघरात डब्याच्या झाकणावर चिकटवल्या आहेत. पहिलं, उजव्या हाताची नखं जराशी वाढवा आणि डाव्याची मुळापासून कापा. (खालच्या काकू म्हणाल्या, "एका हाताची राहिली वाटतं.") दुसरं, तळव्याची कड तारांच्या बुडाशी हलकी टेकवा, म्हणजे जाड सूर घुमत न राहता पावलासारखा पडेल. तिसरं, अंगठा चालू ठेवून गप्पा मारायला शिका.

हे तिसरं कठीण. अंगठा सुरू करून मी ह्यांना बाजारातून काय काय आणायचं ते सांगते. बटाटे म्हणेपर्यंत ठीक असतं. हे "किती?" म्हणाले की अंगठा गप्प. पण गेल्या आठवड्यात मी ह्यांच्याशी चांगली भांडले, चष्मा कुठे ठेवला यावरून, आणि भांडण संपल्यावर कळलं की अंगठा मधे एकदाही थांबला नव्हता. हे भांडण अर्धवट सोडून टाळ्या वाजवायला लागले.

आता एक गोष्ट सांगायची आहे. शुक्रवारी वाचनालयाच्या सभागृहात तुझा कार्यक्रम होता. मी आले होते.

शेवटच्या रांगेत, खांबाशेजारी बसले होते. इतकी वर्षं तू माझ्या घरात वाजवत होतीस आणि मी तुझा हात कधी पाहिलाच नव्हता, नुसता ऐकला होता. भिंगरी, मला वाटलं होतं तू फार काहीतरी करत असशील. तू तर काहीच करत नव्हतीस! मनगट जागच्या जागी, बोटं तारांपासून जेमतेम वर उचललेली, आणि अंगठा म्हणजे घरातला जबाबदार माणूस, कोणाकडे न बघता आपलं काम करणारा. वर बोटं भांडत होती, रुसत होती, परत येत होती, त्याला काही नाही. आमच्या ऑफिसात फार वेगाने टाइप करणाऱ्यांचे हात असेच असायचे. वेग असा दिसायचाच नाही.

मधे तू लोकांशी बोलत बोलत तिसरी तार जराशी उतरवलीस. म चा ग केलास. कान गिटारच्या खांद्याला लावलास, हसलीस, आणि एवढ्याशा फरकाने तेच वाद्य निराळं झालं. आधी ते विचारात पडलेलं होतं, आता त्याला बरी बातमी कळली होती. माझ्या शेजारचे गृहस्थ बायकोला म्हणाले, "दुसरी गिटार घेतली का तिने?" मी म्हटलं, "नाही हो, तीच आहे. एक तार उतरवली फक्त." त्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

शेवटी नावाड्यांची चाल वाजवलीस. तिच्या अखेरीला बोट तारेला नुसतं टेकवून उचललंस आणि घंटेसारखा तो सूर निघाला, तेव्हा टाळी वाजवायचं कोणाला सुचेना. मला तर सुचलंच नाही. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मी बाहेर जिन्यात होते.

तुझं वाजवणं चांगलं आहे हे मला ठाऊक होतं. ते केवढं मोठं आहे, हे मात्र मला स्वतः तीन तारा उतरवून बसल्याशिवाय कळलं नाही.

आई


११ एप्रिल

प्रिय भिंगरी,

"मी तुम्हाला पाहिलं होतं. खांब तेवढा रुंद नाही. का निघून गेलात?"

काय सांगू? आत तुझ्याभोवती लोक जमले असते. कोणीतरी विचारलं असतं, या कोण, आणि तुला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. तुझा असा सुंदर कार्यक्रम झाल्यावर तुला अडचणीत कशाला टाकू.

मधे पत्र लिहिलं नाही त्याला कारण घडलं. तुला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगते.

दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी मुलगा सांगितलेल्या वेळेच्या आधीच आला. मी वाजवत होते. दार उघडंच होतं. तो आत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, हे काय?"

"बोटांचा व्यायाम."

"तिचं वाद्य आहे ते."

"हो, तिचंच. तिनेच तर सांगितलं, तारा सैल करा म्हणून."

जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"म्हणजे तुमचं बोलणं आहे?"

"बोलणं नाही रे, पत्रं."

"अंगठ्याबद्दल," हे मधेच म्हणाले. मदत करायला गेले बिचारे.

तो बसला नाही. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतो तशा हळू आवाजात म्हणाला, "आई, मी परत लग्न करतोय. आज तुला तिच्याबद्दल सांगून तुमची भेट ठरवणार होतो. आता तिला काय सांगू? माझी आई माझ्या आधीच्या बायकोकडे शिकवणी लावून बसलीय?"

"तसंच सांग. खरं आहे ते."

"आमचं मोडलंय गं, आई."

"तुमचं मोडलं. माझं तिच्याशी काही मोडलेलं नाही. मोडायचं की ठेवायचं, मला कोणी विचारलं होतं का?"

हे मी कधी ठरवून ठेवलेलं वाक्य नव्हतं. तोंडातून निघालं आणि मग मलाच ऐकू आलं. तो चहा न घेता गेला.

तो वाईट नाही, तुला माहीत आहे. तुमच्या दोघांत कोण चुकलं याचा मी हिशेब मांडलेला नाही आणि मांडणारही नाही. पण त्या दिवसानंतर गिटारला हात लावावासा वाटेना. लेकाचा चेहरा समोर यायचा. मी तिच्याकडे पाठ करून बसायचे. बरेच दिवस असे गेले.

मग काल दुपारी हे स्वयंपाकघरात कणीक मळत असलेल्या माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि सुरू झाले, "एक, दोन, तीन, चार." मी म्हटलं, पुरे. "एक, दोन, तीन, चार." हात भरलेत माझे! "एक, दोन, तीन, चार." शेवटी हात धुतले आणि बसले. हे डोळे मिटून ऐकत राहिले. मोजायचंही विसरले.

आता पहिला भाग येतो. अंगठा खाली, चाल वर. अडखळते, पण दोघं एका घरात राहतात.

आई


६ मे

प्रिय भिंगरी,

सामानाच्या फळीवरून बॅग पडली आणि नव्या गिटारची मान मोडली, हे वाचलं. तुला लागलं नाही ना? तू तुझ्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस.

रेकॉर्डिंगची तारीख पुढे ढकलता येत नाही आणि उसनी आणलेली गिटार सैल सुरात नुसती फडफडते, नावाड्यांची चाल धरतच नाही, हे सगळं समजलं. या जुन्या गिटारलाच ते मानवतं. "मागायला लाज वाटते, आई. तुमचं शिकणं ऐन रंगात आलंय."

लाज कसली? तुझीच आहे. पण खोटं कशाला बोलू, पत्र वाचल्यावर मी पहिलं काय केलं असेल, तर गिटार पलंगाखाली सरकवली. मग तिथेच पलंगावर बसून राहिले. ह्यांनी पत्र वाचलं, वाकून पलंगाखाली पाहिलं आणि म्हणाले, "तिथे दमट असतं. खराब होईल." बस, एवढंच.

दुपारी मला येतं तेवढं सगळं तिच्यावर वाजवून घेतलं. येतं किती थोडं! तरी संध्याकाळ झाली.

पार्सलने पाठवणार नाही. त्या बॅगेचं काय झालं ते पाहिलंच. आम्ही दोघं स्वतः घेऊन येतो. बसमध्ये मांडीवर धरीन. तारा मी आणखी सैल करून आणते, प्रवासात लाकडावर ताण नको, असं दुरुस्तीवाला म्हणाला. नातीचं कसं चाललंय, तेही विचारत होता. मी म्हटलं, हळूहळू जमतंय.

आई


२३ मे

प्रिय भिंगरी,

घरी सुखरूप पोचलो. ह्यांचा गुडघा जरा धरलाय, बाकी ठीक.

काल स्टुडिओत तुझ्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, म्हणून लिहिते. तू गिटार घेतलीस, सुरात लावलीस, दोन ओळी वाजवल्यास आणि थांबून माझ्याकडे पाहिलंस. "आई, हिला काय केलंत तुम्ही?" मला वाटलं, बिघडवली मी. मग तू म्हणालीस, "मी सोडून गेले तेव्हा ही घुमी झाली होती. बंद पडलेली गिटार अशी बोलत नाही. रोज वाजवलीत ना?" मी नुसती मान हलवली. भिंगरी, नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी भाषण केलं होतं, त्यातलं एक वाक्यही मला आठवत नाही. हे मात्र जन्मभर पुरेल.

तू काचेच्या आत होतीस, तेव्हा बाहेर काय चाललं होतं ते तुला दिसलं नसणार. हे पुटपुटत मोजत होते. रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाने दोनदा मागे वळून पाहिलं, तरी ह्यांचं चालूच. मग मधेच मोजणं थांबलं. मी बघते तर ह्यांनी चष्मा काढून हातात धरला होता आणि काच पुसायचं नाटक चाललं होतं. तुझा अंगठा मात्र चालत होता. वरची चाल इतकी लांब निघून गेली की मला वाटलं आता परत येत नाही, आणि तू ती अशी अलगद काठाला आणलीस. त्या माणसाने बटण बंद केलं आणि म्हणाला, "पुन्हा घ्यायची गरज नाही." त्याच्या आवाजावरून कळलं, हे तो रोज म्हणत नसावा.

आता दुसरी गोष्ट. तू विचारलंस, कसे आलात, आणि ह्यांनी ठोकून दिलं, "बसने." ते खोटं होतं.

सकाळी आम्ही गिटार घेऊन खाली उतरलो, तर फाटकाशी मुलाची गाडी उभी होती. त्या रविवारनंतर तो घरी फिरकला नव्हता. त्याला हे कोणी कळवलं म्हणून मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे आकाशाकडे बघत होते. तो खाली उतरला, माझ्या हातातून गिटार घेतली, मागच्या सीटवर उशी ठेवून आडवी केली आणि म्हणाला, "बसमध्ये मोडेल." तुझ्या त्या इमारतीपासून दोन गल्ल्या अलीकडे गाडी उभी केली. म्हणाला, इथे सावली आहे. सावली कुठेच नव्हती. आम्ही परत येईपर्यंत तो तिथेच बसून होता.

परतीला समोर बघतच तो म्हणाला, "झालं का नीट?"

"झालं."

"तेच वाजवलं? दुपारचं?"

"तेच."

मी पर्सवर अंगठ्याने ठेका धरला आणि चाल गुणगुणले, जमेल तशी. माझा आवाज कसा आहे ते तुला माहीत आहे. पण त्याने थांबवलं नाही. चाल संपल्यावर म्हणाला, "मी ते कधी बसून ऐकलंच नाही गं, आई. एकाच घरात होतो. कधी कपडे बदलत होतो, कधी फोनवर होतो. समोर बसून एकदाही नाही."

हे मागे झोपल्याचं सोंग करत होते. त्याचा हात गिअरवर होता, त्यावर मी थोडा वेळ हात ठेवला.

हे लिहिण्यात माझा काही डाव नाही, हे तू ओळखशीलच. तुमचं झालं ते झालं, त्यात मला परत काही ढवळायचं नाही. त्याचं लग्न ठरलंय. काल रात्री त्याने फोनवर तिची गाठ घालून दिली; मोकळ्या स्वभावाची मुलगी आहे, मोठ्याने हसते, मला आवडली. तिला त्याने गिटारचं सगळं सांगून टाकलं म्हणे, आणि ती म्हणाली, "मग आई वाजवून दाखवतील का?" मी सांगितलं, सध्या वाद्य कामावर गेलंय.

तुझ्या कानावर एवढंच घालायचं होतं की तुझा एक श्रोता उशिरा आला.

गिटारची घाई करू नकोस. तुझं सगळं काम होऊ दे. तोवर मी टेबलाच्या कडेवर अंगठा चालवते. हे म्हणतात, टेबल सुरात नाही. आणायला मात्र तू स्वतः ये, कोणाच्या हाती पाठवू नकोस. दुपारचीच ये.

आणि रेकॉर्डिंग तयार झालं की त्याच्या दोन प्रती लागतील. एक आमच्यासाठी.

आई